एकदा विकलेला माल

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातून मिळणाऱ्या पावतीच्या तळाशी ‘एकदा विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही’ असा जो मजकूर छापलेला असतो, तो प्रथम कोणी आणि केव्हा छापला हे शोधण्याच्या भरीस कोणी पडत नाही. परंतु त्या एका ओळीने जितकी न्याय्य गाऱ्हाणी दुकानाच्या पायरीवरूनच माघारी लावली असतील, तितकी कोणत्याही न्यायासनाने फेटाळली नसतील. गंमत अशी, की या ओळीला कायद्याचे पाठबळ ग्राहक समजतो तितके नाही, आणि तिच्याविरुद्ध ग्राहकाच्या हाती असलेला अधिकारही तो समजतो तितका विस्तृत नाही. कोणता माल दुकानदाराने परत घेतलाच पाहिजे, कोणता त्याने निव्वळ सौजन्यापोटी घ्यावा आणि कोणता परत घेण्यास नकार देण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतल्यामुळेच गल्ल्यापाशी आवाज चढतात.

या गुंत्याचा विचार करण्यास अहिल्यानगर जिल्ह्याइतके, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या नगर जिल्ह्याइतके, सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात पहिला, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेला हा १४ तालुक्यांचा मुलूख पुणे, मनमाड, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कल्याण आणि बीड या दिशांना फुटणाऱ्या रस्त्यांचा सांधा आहे. वाहनांच्या नोंदणीसाठी त्याला नगरचे एमएच-१६ आणि श्रीरामपूरचे एमएच-१७ अशी दोन कार्यालये लागतात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेच्या परिसरात १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्या उद्योगाचा पुढे जिल्हाभर जो विस्तार झाला त्याने उसाच्या वाहतुकीपायी ट्रॅक्टर आणि ट्रक यांची मोठी वस्ती येथे निर्माण केली. आणि १९७० नंतरच्या दशकात कायनेटिक इंजिनिअरिंगची ‘लुना’ नगरच्याच कारखान्यातून बाहेर पडून मराठी मध्यमवर्गाच्या दारापुढे उभी राहिली. अशा जिल्ह्यात सुट्या भागांचा व्यापार हा किरकोळ व्यापार नव्हे. शिवाय या मालाचा गिऱ्हाईक कापडाच्या किंवा भांड्यांच्या गिऱ्हाइकासारखा सवडीने आलेला नसतो. त्याचे वाहन रस्त्याच्या कडेला किंवा गॅरेजमध्ये उघडून पडलेले असते, गाळपाच्या हंगामात एका दिवसाचा खोळंबा म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि भाडे बुडाले असा हिशेब त्याच्या डोक्यात चालू असतो, आणि बहुधा तो स्वतः दुकानात आलेलाही नसतो. मिस्त्रीने कागदात गुंडाळून दिलेला तुटका नमुना घेऊन गॅरेजमधले पोर आलेले असते. पुढच्या सगळ्या तक्रारींचे बीज या घाईत आणि या परहस्ते होणाऱ्या खरेदीत आहे.

कायद्याचे म्हणावे तर या बाबतीत तो आपल्या समजुतीपेक्षा बराच जुना आहे. मालविक्रीचे नियम प्रथम १८७२ च्या करार कायद्यातील एका प्रकरणात होते. ते तेथून काढून १९३० साली मालविक्रीचा स्वतंत्र कायदा करण्यात आला, आणि त्या वर्षीच्या १ जुलैपासून अमलात आलेला तो कायदा आजही चालू आहे. त्याचे सोळावे कलम मोटारवाल्याने जपून वाचावे असे आहे. मालाच्या गुणवत्तेची किंवा उपयुक्ततेची हमी विक्रेत्याने न बोलता दिली आहे असे सर्वसाधारणपणे धरता येत नाही, असे प्रारंभीच बजावून ते कलम अपवाद सांगते: खरेदीदाराने आपल्याला माल कशासाठी हवा हे विक्रेत्याला कळविले असेल, विक्रेत्याच्या जाणकारीवर तो विसंबून आहे हे त्यातून दिसत असेल, आणि तसा माल विकणे हा विक्रेत्याचा नित्याचा धंदा असेल, तर माल त्या कामास योग्य असला पाहिजे ही अट करारात गृहीतच असते. मात्र एखादी विशिष्ट वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागितली, तर उपयुक्ततेची ही गृहीत अट उरत नाही. याचा व्यवहारातील अर्थ फार महत्त्वाचा आहे. ‘अमुक कंपनीची, अमुक नंबरची क्लच प्लेट द्या’ असे सांगून जो ती घेऊन जातो, त्याने निवडीची जोखीम बव्हंशी स्वतःच्या शिरावर घेतली. आणि ‘माझा टेम्पो अमुक मॉडेलचा, अमुक साली बनलेला, चासी नंबर हा असा, याला बसेल ती प्लेट द्या’ असे जो सांगतो, त्याने ती जोखीम दुकानदाराच्या शिरावर ठेवली. दोघांच्या हाती एकच खोके पडते, पण ते परत करण्याची वेळ आली म्हणजे दोघांचे पाय सारख्या भूमीवर नसतात. म्हणून वाहनाचा क्रमांक, मॉडेल आणि साल पावतीवरच लिहून घ्यावे, असा सल्ला मी देईन. त्यास कारकुनाची अर्धी ओळ लागते, आणि ‘तुम्हीच हा नंबर मागितला होता’ हा दुकानदाराचा ठराविक जबाब त्या अर्ध्या ओळीपुढे लंगडा पडतो.

१९३० च्या त्याच कायद्यात दुकानदाराच्या बाजूचीही एक तरतूद आहे. बासष्टाव्या कलमानुसार कायद्याने गृहीत धरलेले हक्क आणि दायित्वे उभयपक्षी स्पष्ट कराराने, पूर्वापार देवघेवीच्या पद्धतीने किंवा धंद्यातील रूढीने दूर सारता येतात. पावतीच्या तळाच्या ओळीला जे काही बळ होते ते येथून मिळत होते. आणि गिऱ्हाइकाने ती ओळ वाचली नव्हती, पैसे दिल्यानंतर पावती हाती आली, मग संमती कसली, हा वाद त्या काळी दिवाणी न्यायालयात करावा लागे. चारशे रुपयांच्या ऑइल सीलसाठी दिवाणी दावा कोण लावणार? तेव्हा हक्क होता, परंतु त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा खर्च हक्काच्या किमतीहून अधिक होता.

ही स्थिती पालटविण्याच्या चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्या कायद्याने सदोष मालाबद्दल दाद मागण्यास जिल्ह्याच्या ठिकाणी मंच दिला. परंतु परतीच्या प्रश्नाचे थेट उत्तर त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यात आले, जो २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला. विकलेला माल सदोष निघाला असता तो परत घेण्यास आणि घेतलेली किंमत परत करण्यास नकार देणे, ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. पावतीवर परतीची मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि मुदतीचा उल्लेखच नसेल तर ३० दिवसांत, असे त्या प्रथेच्या व्याख्येत स्पष्ट म्हटले आहे. पावती न देणे हीदेखील त्याच व्याख्येत अनुचित प्रथा ठरली आहे. तेव्हा सदोष मालापुरते बोलायचे, तर तळाची ती ओळ आता केवळ शाईचा अपव्यय आहे.

मात्र ‘सदोष मालापुरते’ हे शब्द विसरता कामा नयेत, कारण बहुसंख्य तंटे सदोष मालाचे नसतातच. नमुना नीट न पाहता दुसऱ्या मॉडेलचे बेअरिंग नेले, दोन गॅसकेट लागतील म्हणून नेली आणि एकच लागले, मिस्त्रीने जुनीच प्लेट आणखी सहा महिने चालेल असे सांगितले, किंवा तोच भाग शेजारच्या दुकानात शंभर रुपयांनी स्वस्त मिळाला, अशा कारणांनी परत येणाऱ्या मालात काडीचाही दोष नसतो, आणि तो परत घेण्याचे बंधन कोणताही कायदा दुकानदारावर घालीत नाही. येथे मला दुकानदाराची बाजू सांगितली पाहिजे. फुटलेल्या सीलचे, ग्रीसचे बोट लागलेले खोके पुढचे गिऱ्हाईक घेत नाही. वितरक ते परत घेत नाही. आणि ज्या मॉडेलची वाहने तालुक्यात दहा-वीसच उरली आहेत, त्याचा मुद्दाम मागवून आणलेला भाग गिऱ्हाइकाने नाकारला की तो दुकानाच्या माळ्यावर कायमचा वस्तीला राहतो. तरीही रोजच्या गिऱ्हाइकाचा न बसविलेला माल, खोके शाबूत असेल तर, चार-आठ दिवसांत बदलून देण्याचा प्रघात बहुतेक दुकानांत आहे. रोख परत करण्याऐवजी रक्कम खात्यावर जमा धरण्याकडे मात्र कल असतो. सौजन्याच्या परतीत ही अट घालण्याचा दुकानदारास अधिकार आहे. सदोष मालाच्या परतीत ती घालण्याचा नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी गिऱ्हाईक बहुधा फसतो; ज्या प्रसंगी रोख किंमत मागण्याचा त्याचा हक्क असतो, त्या प्रसंगी तो खात्यावर जमेची चिठ्ठी घेऊन, उपकृत होऊन, घरी जातो.

आता सर्वांत बिकट प्रश्न. दोष भागात होता की बसविण्यात? समजा, श्रीगोंद्याच्या एका टेम्पोमालकाने नवी क्लच प्लेट बसवून घेतली आणि नेप्तीच्या बाजारात कांदा पोचवून परतताना आठवड्याच्या आत ती घसरू लागली. मालक म्हणतो, माल डुप्लिकेट आहे. दुकानदार म्हणतो, मिस्त्रीला काम येत नाही. वस्तुतः तिसरीच गोष्ट खरी असू शकते: क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलमधून इंजिनचे तेल झिरपून प्लेटच्या अस्तरावर आले असेल, किंवा फ्लायव्हीलचा पृष्ठभाग चरे पडून असमान झालेला असताना त्याच्यावरच नवी प्लेट चढविली असेल, आणि तसे असेल तर जगातील कोणतीही प्लेट तेथे टिकली नसती. बेअरिंग प्रेसवर दाबून बसविण्याऐवजी हातोड्याने ठोकले तर त्याच्या गोळ्यांचे वण आतल्या वाटेवर उमटतात आणि ते थोड्याच दिवसांत घरघरू लागते. अल्टरनेटर किंवा सेल्फ यांसारखा विजेचा माल गाडीच्या वायरिंगमधील दोषाने क्षणार्धात जळू शकतो. ‘इलेक्ट्रिकल माल परत नाही’ अशी वेगळी पाटी दुकानात दिसते ती या भीतीपोटी. ती भीती खरी असली तरी पाटी सरसकट लावणे अन्यायाचे आहे, कारण जळालेल्या दहा अल्टरनेटरांतील एखादा जन्मतःच अधू असतो, आणि पाटी त्याची चौकशीच होऊ देत नाही.

येथे नगरचे एक वैशिष्ट्य सांगण्याजोगे आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहनविषयक प्रयोगशाळा, जिला सर्वजण ‘व्हीआरडीई’ म्हणून ओळखतात, ती या शहरानजीक आहे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२६ व्या नियमाने नव्या वाहनांचे नमुने तपासून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना दिला, त्यांत पुण्याच्या ‘एआरएआय’बरोबर तिचेही नाव आहे. देशातील वाहने ज्या जिल्ह्यात कसोटीस लागतात, त्याच जिल्ह्यात दीड हजाराच्या क्लच प्लेटचा दोष कोणी ठरवावा हे मात्र दुकानदार, मिस्त्री आणि मालक यांच्या आवाजाच्या पट्टीवर ठरते, हा योगायोग विचित्र खरा; पण ती संस्था नमुन्याची परीक्षा करते, घरोघरीच्या तक्रारींची नव्हे, आणि तिच्याकडून तशी अपेक्षा करणे रास्तही नाही. तक्रारींसाठी ग्राहक कायद्याने वेगळी तजवीज केली आहे. दोष योग्य चाचणीवाचून ठरण्याजोगा नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे पूर्वीचा मंच, त्या वस्तूचा नमुना मोहरबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे धाडू शकतो, अहवाल ४५ दिवसांत मागवू शकतो, आणि त्याचे शुल्क तक्रारदारास आधी भरावयास सांगू शकतो. या तरतुदीचा उपयोग त्यालाच होतो, ज्याने निकामी झालेला भाग जपून ठेवला आहे. आपल्याकडे तो बहुधा गॅरेजच्या भंगारात जातो, आणि त्याच्याबरोबर पुरावाही जातो. भाग काढण्यापूर्वी आणि काढल्यावर त्याची छायाचित्रे घ्यावीत, खोके, त्यावरील पार्ट नंबर, होलोग्राम आणि निर्मितीचा महिना-वर्ष दाखविणारा छाप राखून ठेवावा, आणि दुकानदाराला तोंडी सांगण्याबरोबर लेखी किंवा मोबाइलवरील संदेशाने कळवावे. १९३० च्या कायद्याप्रमाणे माल नाकारणाऱ्या खरेदीदाराने तो उचलून दुकानात पोहोचविलाच पाहिजे असे नाही, नाकारल्याची सूचना देणे पुरते. परंतु माल आपलासा केल्यासारखे कृत्य केले किंवा वाजवी मुदत उलटून जाईपर्यंत काहीच न कळविता तो ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे समजण्यात येते, आणि मग नाकारण्याचा हक्क जाऊन केवळ नुकसानभरपाईचा उरतो. गाडीत बसविणे हे तसे कृत्य मानले जाण्याचा संभव आहे. म्हणून माप, नंबर आणि खोक्यावरील छाप यांची रुजवात बसविण्यापूर्वीच घालावी.

मिस्त्रीमार्फत होणाऱ्या खरेदीत आणखी एक पेच पडतो. पावती मिस्त्रीच्या नावाची, किंवा साध्या चिटोऱ्यावर लिहिलेली कच्ची, पैसे मालकाचे, मग ग्राहक कोण? कायद्याच्या व्याख्येत प्रत्यक्ष खरेदीदाराखेरीज त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही येतो, त्यामुळे मालकाचा हक्क बुडत नाही. गॅरेजने भागाची किंमत आपल्या बिलात धरली असेल तर मालकापुरता गॅरेजवालाच विक्रेता ठरतो, आणि दुकानाशी काय ते त्याने पाहावे. अडचण येते ती कच्च्या चिठ्ठीची. कर चुकविण्यासाठी पक्के बिल टाळून शे-दोनशे रुपये वाचविणारा गिऱ्हाईक त्या शे-दोनशे रुपयांत आपला पुरावा विकून बसतो.

कराचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो: किंमत परत करताना ‘जीएसटी सरकारजमा झाला, तो मिळणार नाही’ हा दुकानदाराचा जबाब ग्राह्य नाही. परत आलेल्या मालापोटी क्रेडिट नोट काढून भरलेल्या कराची वजावट घेण्याची सोय २०१७ च्या जीएसटी कायद्यातच आहे, आणि आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती साधारणपणे उपलब्ध असते. सुट्या भागांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला, पूर्वी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. जुन्या दराने घेतलेला माल परत होत असेल, तर ज्या बिलाने कर घेतला त्याच बिलाप्रमाणे तो परत व्हावयास हवा.

बॅटरी आणि टायर यांची तऱ्हा निराळी, कारण तेथे दुकानदाराच्या मागे कंपनीची लेखी हमी उभी असते. बॅटरीच्या हमीत आरंभीच्या काही महिन्यांत फुकट बदली आणि पुढे वापरलेल्या काळाच्या प्रमाणात सूट, अशी सामान्यतः रीत असते. बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुधा नवी हमी मिळत नाही, जुनीचीच उरलेली मुदत चालते. तक्रारीची बॅटरी दुकानदार आधी चार्जिंगला लावून मग तपासतो, यात टाळाटाळ असतेच असे नाही. नुसती उतरलेली बॅटरी आणि आतून मेलेली बॅटरी यांतला भेद चार्ज केल्यावाचून कळत नाही. टायरच्या दाव्यात कंपनीचा तपासनीस नक्षीची उरलेली खोली मोजतो आणि दोष घडणीचा ठरला तर तेवढ्या झिजेचे पैसे कापून नव्या टायरवर सूट देतो. दगडाचा काप, खड्ड्याचा मार किंवा कमी हवेवर पळविल्याने फाटलेली बाजू यांस दोष मानीत नाहीत. टायरच्या बाजूवरील चार आकडी छापात पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नवा म्हणून घेतलेला टायर दुकानात किती काळ पडून होता हे त्यावरून कळते. बॅटरीबाबत एक बारकावा मला नेहमी दुर्लक्षित वाटतो. जुनी बॅटरी देऊन नवी घेतली असेल, तर जुनीच्या शिशाची किंमत हाही मोबदल्याचा भाग होता. नवी सदोष ठरून पैसे परत करताना ती रक्कमही हिशेबात धरणे न्यायाचे आहे.

घरबसल्या मोबाइलवरून सुटे भाग मागविणाऱ्यांसाठी २०२० चे ई-वाणिज्य नियम आहेत. सदोष, बनावट, किंवा जाहिरातीत वर्णिलेल्या गुणधर्मांचा नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. येथे वर्णन लेखी असल्यामुळे पुरावा आपोआप उभा राहतो, एवढा या खरेदीचा लाभ मान्य केला पाहिजे. जामखेडच्या गॅरेजमध्ये गाडी उघडून ठेवून चार दिवस पार्सलची वाट पाहण्याचा तोटा त्याच्यासमोर मांडून ज्याने त्याने निवड करावी.

शेवटी आयोगाकडे जाण्याची वेळ आली, तर ट्रक-टेम्पोवाल्यापुढे पहिली हरकत अशी येते, की तुम्ही माल धंद्यासाठी घेतला, सबब तुम्ही ग्राहक नाही. व्यापारी प्रयोजनार्थ घेतलेली वस्तू कायद्याच्या कक्षेबाहेर आहे हे खरे; परंतु स्वयंरोजगाराने केवळ उपजीविका चालविण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू त्या अपवादात येत नाही, आणि लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली या भेदाची फोड करताना स्वतःच्या ट्रकवर पोट भरणाऱ्याचाच दाखला दिला. दहा ट्रक चालकांकरवी चालविणाऱ्या मालकास मात्र ही वाट सहसा मोकळी नाही. त्याने १९३० च्या कायद्याखाली दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा.

तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावयाची असते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही, आणि २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच ती दाखल करण्याची मुभा दिली. मुंबईहून मागविलेल्या भागासाठी मुंबईस खेटे घालण्याचे कारण उरले नाही. अकोले तालुक्यातील माणसाला नगरही काही जवळ नाही, म्हणून दृक्‌श्राव्य सुनावणीचा अर्ज त्याने अवश्य करावा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहण्यास काही खर्च पडत नाही. आयोग दोष काढून देण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा किंवा नुकसानभरपाईचा हुकूम करू शकतो, आणि दुसऱ्यांदा गाडी उघडण्याची मजुरी व बुडालेले भाडे ही शेवटच्या सदरात, पावत्या असतील तर, मागता येतात. राज्य आयोगाकडे अपील करण्यास ४५ दिवसांची मुदत आहे. पण हुकूम झालेल्या रकमेचा निम्मा हिस्सा आधी जमा केल्यावाचून देणेकऱ्याचे अपील विचारात घेतले जात नाही, म्हणून दीड-दोन हजारांच्या भागासाठी कोणी शहाणा दुकानदार तेथवर जाईल असे मला वाटत नाही.